आधी दाराची कडी परत बसवा

पत्र: मुलगा २१ वर्षांचा आहे. नीट दोनदा दिली, मार्क आले नाहीत, मग बीएस्सीला घातलं. दिवाळीपासून कॉलेज बंद. दिवसा झोपतो, रात्रभर मोबाईल. जेवणाचं ताट आई दाराशी ठेवते. मी वाय-फाय बंद केलं, खोलीच्या दाराची कडीही काढून टाकली, काही फरक नाही. पुण्यातला एक एजंट साडेतीन लाखांत नऊ महिन्यांचा जपानीचा क्लास आणि तिकडे काइगोची, म्हणजे वृद्धांच्या देखभालीची नोकरी देतो म्हणतो. जपानमध्ये शिस्त लागेल. शिवाय तिथे कोणी कोणाशी फारसं बोलत नाही, याला ते बरंच पडेल. नातेवाईक विचारत राहतात म्हणून आम्ही लग्नकार्याला जाणं सोडलंय. धाकटी मुलगी नर्सिंगच्या जीएनएम पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे. हौस म्हणून जपानी शिकते, एन-५ ही पहिल्या पायरीची परीक्षा पास आहे, पण तिचं नंतर बघू. मुलाला पाठवावं का? — एक वडील, सोलापूर

उत्तर:

नाही. साडेतीन लाख भरू नका, आणि भरले असतील तर पावती शोधून ठेवा, पुढे लागेल.

नीटच्या मार्कांबद्दल मला काही म्हणायचं नाही. दोनदा नीट देऊन न लागलेली मुलं गल्लोगल्ली आहेत. पत्रात मला दोन गोष्टी खटकल्या. तुम्ही कडी काढलीत ही एक, आणि लग्नकार्याला जाणं सोडलंत ही दुसरी. पहिलीने मुलाची उरलीसुरली जागा गेली. दुसरीने आता घरात कोंडून घेतलेली माणसं एकाची तीन झाली.

ज्या देशात त्याला सुधारायला पाठवताय, तिथे या अवस्थेला हिकिकोमोरी म्हणतात. साइतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९९८ मध्ये हा शब्द तिथल्या घराघरांत पोचवला. सहा महिन्यांहून जास्त काळ शाळा, नोकरी, मित्र सगळं सोडून घरात राहणं, अशी सरकारी व्याख्या आहे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येणारेही त्यात धरतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीनुसार १५ ते ६४ वयाचे असे अंदाजे १४ लाख ६० हजार लोक जपानमध्ये आहेत. शिस्तीने हे सुटत असतं तर जपानमध्ये एकही सापडला नसता.

साइतोंचं एक निरीक्षण तुमच्या घराला तंतोतंत लागू पडतं. आधी मुलाचा घरच्यांशी संबंध तुटतो, मग घरच्यांचा बाहेरच्यांशी, आणि ही कोंडी जितकी जुनी तितकी सोडवायला कठीण. ‘लोक काय म्हणतील’ला जपानीत ‘सेकेनतेई’ म्हणतात, आणि या सेकेनतेईपायी तिथल्या आईबापांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं कोणाला पत्ता लागू दिला नाही. २०१९ मध्ये सरकारने पहिल्यांदा चाळिशीच्या पुढच्यांची मोजणी केली, तेव्हा ४० ते ६४ वयाचे सहा लाखांवर निघाले, आणि जवळजवळ निम्मे सात वर्षांहून जास्त काळ घरात होते. तिथे आता ‘८०५०’ असा शब्दच रूढ आहे: आईबाप ऐंशीचे, मुलगा पन्नाशीचा, आणि घर चालतंय त्यांच्या पेन्शनवर. तुमचं अजून वर्षही झालेलं नाही. घाई करायचीच तर ती इथे करा.

मुलाला उचलून दुसरीकडे टाकण्याचा प्रयोगही तिथे होऊन गेलाय. हिकिदाशिया, म्हणजे ‘ओढून बाहेर काढणारे’, नावाचा धंदाच उभा राहिला. घाबरलेल्या पालकांकडून लाखो येन घ्यायचे, पहाटे दार उघडायला लावून मुलाला गाडीत घालायचं आणि लांबच्या वसतिगृहात ठेवायचं. मुलं पळून आली, आईबापांशी कायमची तुटली, काही प्रकरणं कोर्टात गेली. तुमचा एजंट हे विमानाने करणार आहे, एवढाच फरक.

जिथे काही साधलं ते गाव वेगळं आहे. आकिता प्रांतातलं फुजिसातो, तेव्हा वस्ती जेमतेम चार हजार. तिथल्या समाजकल्याण परिषदेने घरोघर जाऊन चौकशी केली तेव्हा १८ ते ५५ वयोगटातले ११३ जण घरात बसलेले आढळले. त्यांच्यासाठी आधी करमणुकीचे कार्यक्रम ठेवले, तर कोणी फिरकेना. मग वृद्धांच्या घरी मदतनीस म्हणून काम करायचं प्रशिक्षण जाहीर केलं आणि त्याची पत्रकं वाटली, तेव्हा हीच माणसं आपल्या पायांनी आली. त्यांना मन रमवायला नको होतं, काम हवं होतं. वाट मात्र सापडत नव्हती. २०१० मध्ये परिषदेने ‘कोमित्तो’ नावाचं केंद्र उघडलं, तिथे ती हाताने सोबा नूडल्स करून वाढू लागली. आता तुम्ही म्हणाल, ‘बघा, काइगोच की!’ पण ते शिक्षण त्यांच्या गावात होतं, त्यांच्या भाषेत होतं, नको वाटलं त्या दिवशी घरी जाता येत होतं, आणि पत्रकावरची नोंदणी ज्याने त्याने स्वतः केली होती. या चारांतलं तुमच्या बेतात एकही नाही.

आणि ते ‘कोणी कोणाशी बोलत नाही’. जपानी माणूस अबोल असेल, काइगो हे बोलण्याचंच काम आहे. पाळी बदलताना प्रत्येक आजी-आजोबांनी किती खाल्लं, किती पाणी प्यायले, शौचाला झालं का, रात्री उठले का, हे पुढच्या माणसाला तोंडी सांगायचं आणि जपानीत लिहूनही ठेवायचं. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना आधी सांगायचं, मग हात लावायचा. न सांगता उचललं की स्मृतिभ्रंश झालेल्या आजी घाबरून ओरडतात, कधी मारतात. आंघोळ घालताना पाण्याचा अंदाज, त्वचेवरचे लाल डाग, तोल, सगळीकडे एकाच वेळी लक्ष. रात्रपाळी बऱ्याच ठिकाणी सोळा तासांची असते, आणि वृद्धाश्रमात रात्री वीसेक जणांमागे एकच माणूस असू शकतो. ज्या मुलाला दुपारी दोनला आईच्या हाकेला ओ देता येत नाही, त्याला पहाटे तीनला वीस घंट्यांना ओ द्यायला पाठवताय तुम्ही. त्यात दोष मुलाचा नाही आणि वृद्धांचा तर नाहीच.

मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. घरात बसण्यामागे नैराश्य असू शकतं, मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो, आणखीही काही असू शकतं, ते तज्ज्ञाने ठरवायचं. एकटाच बडबडतो, कोणीतरी पाळत ठेवतंय म्हणतो, जेवण तोडलंय किंवा मरणाची भाषा करतो, यातलं काहीही दिसलं तर आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिलला जा. नसेल, तरी या आठवड्यात तुम्ही दोघं जा, मुलाशिवाय. तो येणार नाही हे गृहीत धरूनच जा. जपानच्या मार्गदर्शक सूचनांतही क्रम असाच आहे: आधी घरच्यांचं समुपदेशन, मग मुलाशी बोलणं, मग चार जणांत बसता येईल अशी एखादी जागा, आणि काम सगळ्यात शेवटी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर घरच्यांसाठीही आहे. मराठीत बोलतात.

घरी कडी परत बसवा आणि वाय-फाय चालू करा. रात्रीच्या त्या मोबाईलवर कदाचित त्याचे शेवटचे दोन मित्र असतील. दर महिन्याला ठरलेली रक्कम हातखर्चाला द्या, हिशेब मागू नका. आईने ताट दाराशी ठेवणं एकदम बंद करू नये, पण ठेवताना दोन शब्द बोलावेत, ‘आज भरली वांगी केलीत’ एवढेच. पुढे प्रश्न नको. घोटाळा कुठे होतो सांगतो. दीड-दोन महिन्यांनी एक दिवस तो आपणहून स्वयंपाकघरात येतो, चहा ओततो, आणि वडील आनंदाच्या भरात विचारतात, ‘मग, आता कॉलेजचं काय?’ झालं. पुढचे दोन महिने दार बंद. त्या दिवशी क्रिकेटचा स्कोअर सांगा आणि पेपर वाचत बसा. चुलतभावाची नोकरी, मुक्त विद्यापीठाचे फॉर्म, स्पर्धा परीक्षा, यातलं काहीही त्याने विषय काढेपर्यंत काढायचं नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल, जिचं ‘नंतर बघू’ आहे. जपानला जायचा प्रश्न खरा तिचा आहे आणि तुम्ही तो मुलाच्या नावाने विचारलात. काइगोच्या नोकरीसाठी मिळणाऱ्या विशिष्ट कौशल्य व्हिसाला जेएफटी-बेसिक किंवा जेएलपीटी एन-४ यांपैकी एक जपानी भाषेची परीक्षा, शिवाय काइगोची कौशल्य परीक्षा आणि काइगोची जपानी परीक्षा लागते. जेएलपीटी पुण्यात जुलै-डिसेंबरला होते. हा व्हिसा साधारणपणे पाच वर्षांचा, त्यावर कुटुंब नेता येत नाही. तिथे तीन वर्षं काम, ठरावीक प्रशिक्षण, मग काइगो फुकुशिशीची, म्हणजे प्रमाणित देखभाल-कर्मचाऱ्याची राष्ट्रीय परीक्षा, तीही जपानीत. ती पास झाली तर मुदतीचं बंधन सुटतं. जीएनएमवर तिथे नर्स म्हणून उभं राहता येत नाही, त्यासाठी जपानची नर्सिंग परीक्षा द्यावी लागते. हे तिला स्पष्ट सांगा आणि निर्णय तिच्यावर सोडा. तिला इथेच नर्स व्हायचं असेल तर तेही उत्तम.

एजंटचा नोंदणी क्रमांक मागून केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. परदेशी भरतीचं सेवाशुल्क कायद्याने ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापुढे घेता येत नाही. भाषेच्या क्लासची फी वेगळी, तिची वेगळी पावती. तिकडे पोचल्यावर राहण्याची व्यवस्था, बँक खातं, तक्रार ऐकणं या मदतीचा खर्च मालकाचा असतो, तो पगारातून कापू म्हणणाऱ्याकडे जाऊच नका.

आणि पुढचं लग्नाचं आमंत्रण आलं की तुम्ही दोघं जाऊन या. कोणी विचारलंच तर ‘घरी आहे, सध्या बरं नाही त्याला’ इतकं सांगा आणि जेवायला बसा.