तौलनिक साहित्याभ्यासात सध्या नवं काय चाललंय? मुंबईत राहून पीएच.डी.ला हा विषय घ्यावा का?

एम.ए. मराठी झालंय, पीएच.डी.ला तौलनिक विषय हवाय आणि गाईडनं 'खांडेकर आणि प्रेमचंद : एक तौलनिक अभ्यास' सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. घेऊ नका. दोन्ही लेखकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो.

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. वाचन बहुतेक डोंबिवली स्लोमध्ये होतं, तेही बसायला मिळालं तर. तेव्हा माझं म्हणणं त्या हिशेबानंच घ्या. पण या साच्यातले प्रबंध मी पुष्कळ चाळलेत. आधी जीवनपट, मग काळ, मग स्त्रीचित्रण, शेवटी साम्य आणि भेद. साम्य काय निघतं, तर दोघांनाही गरिबांचा कळवळा होता. बरं, मग?

या शाखेत मोठी भांडणं २०००च्या आसपास झाली. इटालियन अभ्यासक फ्रँको मोरेत्ती म्हणाले, जगातलं सगळं वाचणं कुणालाच शक्य नाही, म्हणून लांबून वाचा, म्हणजे एकेक पुस्तक बारकाईनं वाचण्याऐवजी पुष्कळ पुस्तकांतले मोठे आकृतिबंध बघा. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी २००३ साली थेट या विद्याशाखेच्या मृत्यूवरच पुस्तक लिहिलं. मरायचं होतं ते तिचं युरोपकेंद्री रूप, आणि भाषा नीट शिका हा त्यातला आग्रह आजही कुणाला चुकलेला नाही. पुढे २०१३त एमिली अ‍ॅप्टर यांनी भाषांतराला दाद न देणाऱ्या शब्दांची बाजू घेतली.

त्यानंतर जे सुरू झालं ते आपल्या कामाचं आहे. दोन देशांची दोन पुस्तकं शेजारी ठेवण्यापेक्षा एकाच जागी नांदणाऱ्या अनेक भाषा एकत्र वाचायच्या. लंडनच्या सोआस या आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाच्या संस्थेत फ्रांचेस्का ओर्सिनी यांनी २०१६ ते २०२१ या काळात असा प्रकल्प चालवला. त्यात उत्तर भारत, मोरोक्को-अल्जीरियाचा पट्टा आणि इथिओपिया होते. २०२३चं त्यांचं पुस्तक अवध-पूरबबद्दल आहे. तिथे हिंदवी, फारसी, संस्कृत, उर्दू एकाच गावात कशा वावरत होत्या, कोण कुणाचं ऐकत होतं आणि कोण ऐकून न ऐकल्यासारखं करत होतं, हे ते दाखवतं. वाचताना मला सारखी कुर्ल्याची आठवण येत होती.

मुंबईवरही असं काम झालंय, आणि त्याच्या मधोमध मराठी-इंग्रजी दोन्हींत लिहिणारे कवी अरुण कोलटकर आहेत. फ्रेंच अभ्यासक लेतिसिया झेक्कीनी यांचं पुस्तक २०१४चं, अंजली नेर्लेकर यांचं २०१६चं. नेर्लेकरांनी इंग्रजी पुस्तकात 'साठोत्तरी' (१९६०नंतरचं साहित्य) हा शब्द तसाच ठेवला, हे मला फार आवडलं. त्या काळाचा पुष्कळ ऐवज मात्र आता अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गिरगावात छापलेलं चोपडं बघायला अमेरिकेचा व्हिसा काढा! असो.

वर्गातला एक प्रसंग सांगतो. कोलटकरांची मॅनेजरकडे पगार मागणाऱ्या माणसाची मुंबई-हिंदीतली कविता मी वाचून दाखवली. भिवंडीचा एक मुलगा, घरी उर्दू बोलणारा, म्हणाला, "सर, हे मराठीत कसं धरायचं? असं तर आमचे मामू बोलतात." मग 'पगार' शब्दावरच अर्धा तास गेला. हा पोर्तुगिजांकडून मराठीत आलेला शब्द, मुंबईच्या बोलीत तो सगळ्यांचा झाला. कोलटकरांनी स्वतः ती कविता इंग्रजीत केली तेव्हा मात्र तो सुटला, आणि बोलणारा अमेरिकन गुन्हेगारी सिनेमातल्या माणसासारखा तुटक बोलायला लागला. मूळ कुठलं आणि भाषांतर कुठलं, हा प्रश्नच तिथे ढिला पडतो. अ‍ॅप्टरबाई काय म्हणतात ते पोरांना त्या अर्ध्या तासात कळलं, त्यांचं नाव मी घेतलंसुद्धा नव्हतं.

आणखी मागे जायचं असेल तर फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण घ्या. जेझुइट इंग्रज, राज्य पोर्तुगिजांचं, छंद ओवीचा, भाषा मराठी आणि १६१६ साली छपाई रोमन लिपीत. यावर मी एक लेख लिहिला होता. एका जर्नलनं तो दोन दिवसांत स्वीकारला आणि सोबत पैसे भरायला क्यूआर कोड पाठवला. बढती अडली होती, भरले. अंक आला तर अनुक्रमणिकेत 'कृष्णपुराण'! यूजीसीनं २०२५त केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादीही बंद केली, त्यामुळे जर्नल पारखणं आता तुमच्याच गळ्यात आहे. लेख घाईघाईनं स्वीकारणाऱ्यापासून लांब राहा.

सुरुवात मराठीतूनच करा. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचं 'आधुनिक समीक्षा-सिद्धान्त' आधी वाचा, म्हणजे इंग्रजी लेखांची धास्ती जाते. ओर्सिनी आणि झेक्कीनी यांनी नीलम श्रीवास्तव यांच्यासोबत २०२२त संपादित केलेलं शीतयुद्धकाळातल्या छापील नियतकालिकांवरचं पुस्तक नेटवर फुकट मिळतं. जुन्या अंकांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठा. मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याचं गुरुदेव टागोर अध्यासन आहे, वसंत बापट आणि भालचंद्र नेमाडे तिथे होते. साहित्य आपल्याच मातीत रुजलेलं हवं, या त्यांच्या देशीवादाशी भांडायचं असलं तरी नेमाडे टाळून चालणार नाही. कधी फोर्टात गेलात तर एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्यांवर जरा बसा. दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं जुनं हस्तलिखित त्या इमारतीत आहे, एल्फिन्स्टननं दिलेलं.

गाईडना दुखवू नका. प्रेमचंद ठेवायचेच असतील तर ते १९३४त सिनेमासाठी मुंबईत आले होते, तिथून शिरा. गाईडना विषय बदलल्यासारखं वाटणार नाही.

आणि एक कळवा. तुमच्या घरात किंवा बिल्डिंगमध्ये मराठीखेरीज कुठली भाषा रोज कानावर पडते? गुजराती, उर्दू, कोकणी, तुळू, काहीही असो. ती वाचता येते का, की फक्त समजते? त्यावर विषय ठरवू.