इन्सुलिनवर असलेल्या सासऱ्यांना डिस्नी वर्ल्डला नेतोय, चार दिवस बाहेरच खावं लागणार. काय खायला द्यावं? गोड पूर्ण बंद ठेवायचं का?

ताई, प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जे टाकलंय ना, "दीर म्हणतात चार दिवस सॅलडवर ठेवू, नाहीतर हॉटेलवरच बसू देत", ते वाचून मी लिहायला बसले. सासरे ६७ वर्षांचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, शाकाहारी, मे महिन्यात ऑरलँडो. आमच्याकडे अगदी हेच झालंय, फक्त सासऱ्यांच्या जागी माझे बाबा आणि दिरांच्या जागी माझा सख्खा मोठा भाऊ.

आधी मुद्द्याचं. पार्कात तुमची खरी काळजी शुगर वाढण्याची नसते, लो होण्याची असते. घरी सगळे "वाढली का, वाढली का" करत बसतात म्हणून हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माणूस गावाकडे सकाळी देवळापर्यंत चालून येतो, तो इथे दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज चालतो. डिस्नीच्या एपकॉट पार्कातली ती अकरा देशांची पॅव्हेलियन्स आहेत ना, त्यांची नुसती एक फेरी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. वर फ्लोरिडाचं ऊन, उन्हात इन्सुलिन अंगात लवकर भिनतं. आणि जेवणाची वेळ तुमच्या हातात नसते, ती रांगेच्या हातात असते.

बाबा माळकरी, मागच्या वर्षी वारीलाही दोन मुक्काम चालले, म्हणजे चालण्याची सवय नव्हती असं नाही. सकाळी आणि रात्री ३०/७० चं मिक्स इन्सुलिन आणि जोडीला शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी. आपल्याकडच्या या वयाच्या बऱ्याच लोकांचं हेच असतं, तुमच्या सासऱ्यांचंही बहुतेक असंच असेल, बघून घ्या. या मिक्स इन्सुलिनमधला ३० टक्के भाग लगेच काम करतो आणि ७० टक्के भाग हळूहळू, म्हणजे सकाळी सातला घेतलेलं इन्सुलिन दुपारी ऐन भरात असतं. तेव्हा पोटात काही नसेल तर शुगर खाली येणारच, त्यात माणसाचा काही दोष नाही. म्हणून आई घरी साडेबारा म्हणजे साडेबाराला ताट लावते. पाहुणे असोत, लाइट गेलेली असो, बाबांचं ताट आधी. आईला यातलं टक्के-बिक्के काही माहीत नाही, पण इतकी वर्षं तिने हेच सांभाळलंय.

मी अटलांटाला असते, दादा-वहिनी न्यू जर्सीला. आई-बाबा आले तेव्हा सगळे मिळून ऑरलँडोला गेलो. दादाचं डायबेटिसबद्दलचं सगळं ज्ञान एका वाक्याचं: कमी खा. हॉटेलच्या ब्रेकफास्टला त्याने बाबांच्या प्लेटमधला टोस्ट उचलला, वॉफल तर घेऊच दिलं नाही, थोडं दही आणि अर्धं केळं ठेवलं. इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलेलं, नेहमीचं. मी म्हटलं अरे डोस झालाय, खाऊ दे त्यांना, तर म्हणाला आज बाहेर काय काय खाणं होणार, आत्ता कंट्रोल केलेलं बरं. आईने थेपले आणि दशम्या करून घेतल्या होत्या, तो डबा त्याने गाडीतच ठेवला, का तर तिथे काय डबे उघडून बसायचं. बाबा काही बोलले नाहीत. बाबा मुलाच्या घरी, मुलाच्या खर्चाने आलेले, ते बोलणारच नाहीत, आणि तुमचे सासरेही बोलणार नाहीत ताई, हे लक्षात ठेवा.

मॅजिक किंगडम पार्कात साडेबारा वाजले, एक वाजला. आई दोनदा म्हणाली ह्यांची वेळ झाली. फोनवरून जेवण ऑर्डर करायला गेलो तर सव्वादोनचा स्लॉट मिळाला, दादा म्हणाला मग तोवर ही एक राइड करून घेऊ, आणि आम्ही इट्स अ स्मॉल वर्ल्डच्या रांगेत उभे राहिलो. तिथे बाबा माझ्या लेकीवर खेकसले. ती नुसती हात धरून ओढत होती. बाबा आयुष्यात कधी नातवंडांवर आवाज चढवत नाहीत. मी वळून बघितलं तर शर्ट पाठीला चिकटलेला, पण तो सगळ्यांचाच चिकटलेला होता, त्या उकाड्यात घामावरून काही कळत नाही. मग त्यांनी मला विचारलं, "सांगलीची गाडी लागली का गं?"

माझ्या पायातलं बळच गेलं. मीटर पर्समध्ये होतं, तिथेच रांगेत बोट टोचलं, ५२. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. दादाने काय केलं असेल? हातातली डाएट कोकची बाटली त्यांच्या तोंडाला लावली, "साखर नसलेलं आहे, हे चालेल." साखर नसलेलं! मी रांग तोडून कोल्ड्रिंकच्या गाडीवाल्याकडे पळाले, साधा कोक आणला आणि बाबांना पाव बाटली पाजली. इथली ती ५९१ मिलीची बाटली असते, तिच्यात ६५ ग्रॅम साखर, म्हणजे पाव बाटलीत सोळा एक ग्रॅम होते. नियम १५ चा आहे, १५ ग्रॅम पटकन लागणारी साखर, १५ मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. चॉकलेट द्यायचं नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. आणि माणूस गिळू शकत नसेल, शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ ९११.

बाबा पंधरा मिनिटांत बरेच ताळ्यावर आले. मग त्यांना फर्स्ट एडला नेलं, मेन स्ट्रीटच्या टोकाला क्रिस्टल पॅलेसच्या शेजारी आहे. चारही पार्कांत असं एक सेंटर असतं, नर्स असते. नर्सने त्यांना कॉटवर बसवलं, परत शुगर बघितली, बरोबर खायला बिस्किटं आहेत का विचारलं. इतक्या शांतपणे बोलत होती की आईच्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा कुठे थांबलं. तिथे इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवून देतात, वापरलेल्या सुया टाकायला डबाही असतो. हे आत शिरल्या शिरल्या बघून ठेवा, कुठे आहे ते.

संध्याकाळी बाबांची शुगर २४० आली आणि दादा म्हणाला, "बघ, कोकचा परिणाम." तिथपासून आजपर्यंत आमच्या अख्ख्या गोतावळ्यात, लग्नात, मुंजीत, फॅमिली ग्रुपवर, "हिने डायबेटिसच्या बापाला कोक पाजला" ही गोष्ट फिरतेय. मावशीने मला फोन करून समजावलं सुद्धा. तर मी इथे जाहीर लिहिते, पाजला, आणि परत तशी वेळ आली तर परत पाजीन. एका संध्याकाळचे २४० दुसऱ्या दिवशी खाली येतात. भर गर्दीत ५२ चे ३५ झाले असते तर बाबा तिथेच कोसळले असते.

तुमच्या दिरांना हे सांगा. सॅलडवर ठेवायचं असेल तर इन्सुलिन पण सॅलडच्या हिशोबाने लागेल, आणि ते डॉक्टर ठरवणार, दीर नाही. डोस नेहमीचा द्यायचा आणि ताट अर्धं करायचं याला पथ्य म्हणत नाहीत.

आता खाण्याचं. डिस्नीत बाहेरचं खाणं आत नेता येतं, आपल्याकडच्या पार्कांसारखं गेटवर डबे काढून घेत नाहीत. काचेची बाटली-बरणी नको, दारू नको, सुटा बर्फ नको (जेलचे आइसपॅक चालतात), आणि कूलर फार मोठा नको. त्यामुळे थेपले, दशमी, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे बिनधास्त न्या आणि बाकावर बसून खा, तिथे निम्मं जग आपापले डबे उघडून बसलेलं असतं. दुपारचं जेवण हॉटेलच्या भरवशावर ठेवूच नका. साडेबाराला डब्यातलं खायचं, आणि सव्वादोनला जे मिळेल ते वरचं खाणं समजायचं. मोबाइल ऑर्डर करणार असाल तर सकाळी नाश्ता करतानाच दुपारचा स्लॉट धरून ठेवा.

शाकाहारी माणसाला तिथे मिळतं ते बहुतेक बटाटा, पाव आणि चीज, त्यात पिझ्झा सगळ्यात फसवा, खाल्ल्यावर दोन तास शुगर नीट दिसते आणि फॅटमुळे मागाहून चढत जाते. त्यातल्या त्यात ॲनिमल किंगडममधलं सातुली कँटीन चांगलं, बोलमध्ये खाली भात का सॅलड ते आपण निवडायचं, वर टोफू. ॲनिमल किंगडम लॉजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि चटण्यांची मोठी थाळीच येते. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवले, पण नान मैद्याचे, मोजून खायचे. काउंटरच्या ठिकाणी मोठ्यांनाही लहान मुलांचं मील घेता येतं, ते घ्या, अमेरिकन पोर्शन म्हाताऱ्या माणसाला कशाला हवा. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. पाणी कमी पडलं तरी शुगर चढते, हेही आहेच.

गोड पूर्ण बंद? नाही. बाबांना अननसाचं ते डोल व्हिप खायचं होतं, लेकीने त्यांना फोटो दाखवून ठेवला होता. चालणं झाल्यावर, नातीबरोबर अर्धं अर्धं खाल्लं, काही झालं नाही. दादा पूर्ण वेळ तोंड फिरवून उभा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की सत्तरीच्या माणसाने इतक्या लांब येऊन नातीबरोबर आइस्क्रीम खाऊ नये असं ज्याला वाटतं त्याने स्वतः एक दिवस इन्सुलिन टोचून बघावं. द्रवरूप गोड मात्र बंद, ज्यूस, स्लश, लेमनेड, सगळं. ते फक्त लो झाल्यावरचं औषध. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा, इथल्या कुठल्याही फार्मसीत मिळतात, एकीत ४ ग्रॅम, म्हणजे चार घ्यायच्या. सासऱ्यांच्या स्वतःच्या खिशात ठेवा, तुमच्या पर्समध्ये नको, कारण तुम्ही नेमक्या बाथरूमच्या लाइनीत असणार.

अंगाला चिकटवायचा शुगर मोजणारा सेन्सर लावणार असाल तर चांगलंच, फक्त तो रक्ताच्या थोडा मागे चालतो, लो वाटलं की बोट टोचून खात्री करायची. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळणारे सेन्सर इन्सुलिनवाल्यांसाठी नसतात, ते घेऊ नका. रात्री झोपताना शुगर नक्की बघा, दिवसभराच्या चालण्याचा परिणाम रात्रभर, दुसऱ्या दिवसापर्यंतही राहू शकतो. बूट जुने, सवयीचे. पायाला फोड आला तर त्याच दिवशी दाखवा, डायबेटिसवाल्याला फोड कळतच नाही कधीकधी.

हे सगळं मी मुलगी म्हणून लिहिलंय, मी डॉक्टर नाही. चालण्याच्या दिवशी सकाळचा डोस कमी करायचा का, किती करायचा, हे निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा. किडनीचा त्रास असेल तर लो लवकर होते आणि जास्त वेळ टिकते, तेही विचारा. शुगर ३०० च्या वरच राहत असेल किंवा उलट्या होत असतील तर माझं २४० वालं वाक्य विसरा आणि डॉक्टर गाठा. विमानातल्या वेळेचंही विचारा, मे महिन्यात घड्याळ साडेनऊ तास मागे जातं, दोन डोसांमधलं अंतर बिघडतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात ते गोठू शकतं, आणि पार्किंगमधल्या गाडीत तर पाच मिनिटंही नको.

आणि एक महत्त्वाचं राहिलंच. सासरे पेन वापरत असतील तर प्रश्न नाही. बाटली आणि सिरिंज वापरत असतील तर भारतातली बाटली बहुतेक ४० युनिटवाली (एका मिलीत ४० युनिट) असते, लाल टोपणाची सिरिंज असते ना, ती तिच्यासाठी. इथे अमेरिकेत बाटल्या जवळपास सगळ्या १०० युनिटवाल्या, सिरिंजही त्याच हिशोबाच्या. सिरिंज संपल्या म्हणून इथल्या आणून भारतातल्या बाटलीतून भरल्यात तर डोस निम्म्याहूनही कमी जाईल, आणि इथली बाटली भारतातल्या सिरिंजने भरलीत तर अडीच पट जाईल. पुरून उरतील एवढ्या सिरिंज तिकडूनच मागवा, आजच फोन करा त्यांना.