मधेच अभ्यासक्रम बदलला, आता आमच्या दोन पदव्यांचं काय?

पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेली मुलं आणि त्यांचे पालक अलीकडे माझ्याकडे सल्ल्यासाठी एकच काळजी घेऊन येतात. मधेच विषयांची रचना बदलली, आता बीएस्सी आणि एमएस्सी दोन्ही मिळणार ना? वर्ष वाया जाणार का? सलग दोन पदव्या होतील म्हणून मुलीला घरापासून लांब पाठवलेलं असतं, तेव्हा ही भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. नवं शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं, यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, चार वर्षांच्या पदवीचा क्रेडिट आराखडा (कोणत्या पेपरला किती श्रेयांक, ते) डिसेंबर 2022 मध्ये दिला, आणि तिथून विद्यापीठांनी एकेक अभ्यासक्रम नव्याने बांधायला घेतला. पर्यावरणशास्त्रात हा बदल जास्त जाणवतो. हा विषय रसायन, जीव, भूगर्भ, संख्याशास्त्र आणि कायदा अशा अनेक विषयांच्या आधाराने उभा आहे. कोणता पेपर मुख्य आणि कोणता ऐच्छिक, याची फेरमांडणी करताना एखादा आधारच बाजूला सरकू शकतो.

एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी चिपळूणची. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ती दहावी होऊन अकरावीच्या प्रवेशाची वाट बघत होती. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. पाणी उतरलं तेव्हा सिमेंटच्या पोत्यांचे दगड झाले होते आणि रंगाच्या डब्यांवरची लेबलं निघून गेली होती. कुठल्या डब्यात कुठला रंग, ते झाकण उघडल्याशिवाय कळत नव्हतं. घरचे सगळे चिखल काढत होते तेव्हा हिने एका बाटलीत ते पाणी भरून ठेवलं. त्यात नक्की काय काय आहे, हे कोणी सांगेल का, म्हणून. सांगणारं कोणी भेटलं नाही. बारावीनंतर, 2023 मध्ये, तिने राज्यातल्याच एका विद्यापीठात पर्यावरणशास्त्राच्या बीएस्सी-एमएस्सी एकात्मिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला.

तिसरं सत्र संपलं आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरली. तीन अधिक दोन वर्षांऐवजी चार अधिक एक, रसायनशास्त्राचे सक्तीचे पेपर कमी, त्या जागी क्षेत्रकार्य, जीआयएस (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणं), संशोधन प्रकल्प. ग्रुपवर लगेच सुरू झालं की तिसऱ्या वर्षी बीएस्सी मिळणारच नाही, आधीचे क्रेडिट बुडाले, एमएस्सीला पुन्हा प्रवेशपरीक्षा. ही मुलगी सुट्टीत घरी आली ती झोप उडालेल्या अवस्थेत.

आई-बाबांसोबत माझ्यासमोर बसल्यावर पहिलं वाक्य तिचंच होतं. “मॅडम, मी हे सोडते. चिपळूणलाच केमिस्ट्रीचं साधं बीएस्सी करते.”

बाबा म्हणाले, “आम्हाला पाच वर्षांचं सांगून घेतलं. आज चार अधिक एक म्हणतायत, उद्या चार अधिक दोन म्हणतील. दुकान आत्ता कुठे उभं राहतंय. आणखी एक वर्ष हॉस्टेल परवडणार नाही, हे मी तुम्हाला स्पष्टच सांगतो.”

आई गप्प होत्या. निघता निघता एवढंच म्हणाल्या, “ती जेवत नाही हो नीट.”

पालकांना मी सांगते की अशा वेळी आधी कागद बघायचा, मग मूल, मग निर्णय. पण या मुलीच्या बाबतीत मी आधी तिच्याशी एकटीशी बोलले, कारण ‘सोडते’ म्हणताना ती अभ्यासक्रमाला कंटाळली नव्हती. तिला बाबांच्या पैशाचं ओझं झालं होतं. विषयाबद्दल विचारलं की ती भरभरून बोलायची. सोडायचा विचार भीतीपोटी आहे की नावडीतून, हे आधी वेगळं केलं नाही तर पुढची सगळी आकडेमोड चुकीच्या प्रश्नावर होते.

मग कागद काढले. पहिल्याच पानावर, वरच्या कोपऱ्यात, लिहिलं होतं: मसुदा. ती पीडीएफ अभ्यासमंडळाच्या बैठकीपुढे ठेवलेली होती. विद्यापीठात बदल अभ्यासमंडळाकडून विद्याशाखेकडे आणि तिथून विद्यापरिषदेकडे जातो, आणि परिषदेच्या मान्यतेनंतर परिपत्रक निघतं. त्याआधी हातात येईल ते सगळं चर्चेतलं असतं, कधीकधी परिषदेत निम्मं बदलतं. मुलांनी मसुद्यावरून रडायचं नसतं, मसुद्यावर मत द्यायचं असतं. विभागप्रमुखांना पत्र लिहून द्या, विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत द्या. ते वाचलं जातं.

काही आठवड्यांनी परिपत्रक आलं. नवी रचना पुढच्या जूनपासून प्रथम वर्षाला लागू, आणि दुसऱ्या वर्षात असलेल्यांना दोन पर्याय: जुन्या रचनेत राहायचं, किंवा समकक्षता तक्त्यानुसार, म्हणजे जुन्या पेपरच्या जागी नव्यातला कोणता पेपर धरायचा त्या यादीनुसार, नव्यात यायचं. चालू तुकडीला असा पर्याय किंवा निदान समकक्षता देण्याची रीत बहुतेक ठिकाणी आहे. तुमच्या परिपत्रकात हा मुद्दा दिसला नाही, तर लेखी विचारा. तोंडी उत्तरावर कुणीही वर्ष पणाला लावू नये.

बाबांचा हिशेब पाच मिनिटांत सुटला. जुन्या रचनेत तीन वर्षांचं बीएस्सी आणि दोन वर्षांचं एमएस्सी, म्हणजे पाच. नव्यात चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाचं एमएस्सी, म्हणजेही पाच. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160 क्रेडिट लागतात, आणि तिसऱ्या वर्षानंतर बीएस्सी घेऊन बाहेर पडायची सोय नव्या रचनेतही असते. फरक एवढाच की चौथं वर्ष झाल्यावर एमएस्सी दुसऱ्या विद्यापीठात करायची ठरली, तर तिथे एक वर्षाच्या एमएस्सीला थेट प्रवेश आहे का, हे आधी बघावं लागतं.

बाबांनी फोनवर आणखी दोन बातम्या जपून ठेवल्या होत्या. एकात यूजीसीने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पूर्णवेळ अभ्यासक्रम करायला परवानगी दिल्याचं होतं. दुसरीत परदेशी विद्यापीठासोबतच्या दुहेरी पदवीचं होतं, ज्यात किमान 30 टक्के क्रेडिट भारतीय संस्थेतून मिळवावे लागतात. दोन्ही खऱ्या, पण मुलीच्या अभ्यासक्रमाशी त्यांचा संबंध नव्हता. तिचा अभ्यासक्रम एका विद्यापीठाचा, एका विषयाचा, सलग पाच वर्षांचा. वेगवेगळे नियम एकत्र वाचले की माणूस उगाच घाबरतो, आणि पालकांचं बहुतेक वेळा हेच होतं.

खरा प्रश्न त्यानंतर होता: जुनं की नवं?

मी तिला आडवा कागद दिला. डावीकडे तीन सत्रांत पूर्ण झालेला प्रत्येक पेपर, गुणपत्रिकेवर आहे तसाच, क्रेडिटसह. उजवीकडे समकक्षता तक्त्यात त्याला मिळणारी जागा. ती पेन्सिलने भरत गेली आणि बाबा चष्मा लावून शेजारी वाकून बघत राहिले. एकूण 66 क्रेडिट. त्यातले 58 जसेच्या तसे बसले. चार क्रेडिट ‘ओई’मध्ये, म्हणजे खुल्या ऐच्छिकात गेले. उरले चार, मृदा रसायन आणि त्याचं प्रात्यक्षिक. त्याला उजवीकडे जागाच नव्हती. ग्रुपवर ‘सगळे क्रेडिट बुडाले’ म्हणत होते, ते हे चार.

तिथेच तिचं शैक्षणिक क्रेडिट बँकेचं खातंही, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जिथे ऑनलाइन जमा होतात ते, उघडून पाहिलं. तिसऱ्या सत्राचे क्रेडिट त्यात चढलेच नव्हते. रचना बदलताना हे हमखास राहून जातं. विभागाकडे अर्ज केला आणि ते जमा झाले. या खात्यातले क्रेडिट कमाल सात वर्षं ग्राह्य धरतात. ज्यांना मधे थांबावं लागेल त्यांनी तर ही नोंद सत्र संपल्या संपल्या तपासावी.

मग मी तिला विचारलं, “वाशिष्ठीच्या पाण्याचा नमुना आत्ता टेबलावर ठेवला, तर तुला काय करायला आवडेल?”

ती थांबली नाही. “आधी डीओ आणि बीओडी काढीन. मग गाळात जड धातू आहेत का बघीन. लोटे-परशुरामच्या वरचा आणि खालचा नमुना वेगवेगळा घेईन.”

डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, आणि लोटे-परशुराम ही तिथली औद्योगिक वसाहत. उत्तर तिनेच दिलं होतं. तिला प्रयोगशाळेत हात घालायचे होते, आणि नव्या रचनेत नेमका तोच भाग पातळ झाला होता. माझं मत इथे अगदी स्पष्ट आहे. पर्यावरणशास्त्रातून रसायन ऐच्छिक करणं मला पटत नाही. आपल्याकडे बीओडी 27 अंशांवर तीन दिवस ठेवून काढतात, जुन्या पद्धतीत 20 अंशांवर पाच दिवस. हे वाचून पाठ होईल. पण विरघळलेला ऑक्सिजन मोजताना थायोसल्फेटचा कितवा थेंब स्टार्चचा निळा रंग घालवतो, हे स्वतः ब्युरेटपाशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्याच वेळी नव्या रचनेतलं क्षेत्रकार्य मला फार मोलाचं वाटतं. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला 15 तास लागतात, प्रात्यक्षिकाच्या किंवा क्षेत्रकार्याच्या एका क्रेडिटला 30. म्हणजे चार क्रेडिटचं क्षेत्रकार्य म्हणजे नदीकाठी, कांदळवनात, कचरा डेपोवर 120 तास. जुन्या रचनेत एवढं बाहेर पडणं नव्हतं.

जुळवाजुळव झाली ती मायनरमध्ये, म्हणजे दुय्यम विषयात. नव्या रचनेत मुख्य विषयासोबत एक मायनर घ्यायचा होता. वर्गातले बहुतेक जण शाश्वत विकास व्यवस्थापन घेत होते, कारण नाव चांगलं वाटतं आणि प्रात्यक्षिकं नाहीत. तिने रसायनशास्त्र मायनर घेतलं तर मृदा रसायनाचे ते चार अधांतरी क्रेडिट त्यात धरता येतील का, असा अर्ज तिने विभागप्रमुखांना केला. ते मान्य झालं, आणि मान्यतेचं पत्र तिने शिक्का मारून घेतलं.

या निवडीला आणखी एक कारण होतं, आणि ते प्रत्येक पर्यावरणशास्त्राच्या मुलाला माहीत असायला हवं असं मला वाटतं. भारतीय वनसेवेच्या पात्रतेत पशुसंवर्धन व पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांपैकी किमान एक विषय असलेली पदवी लागते, किंवा कृषी, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांची पदवी. या यादीत पर्यावरणशास्त्र हे नाव नाही. जंगलावरच्या प्रेमापोटी हा विषय घेतलेल्या मुलांना हे शेवटच्या वर्षी समजतं, आणि तेव्हा त्यांच्यासमोर बसणं मला फार जड जातं. अभ्यासक्रम बदलताना यादीतला विषय गुणपत्रिकेवर त्याच्या नावानिशी राहतो आहे का, हे दुसऱ्या वर्षीच बघा. मायनर म्हणून घेतलेला विषय चालेल का, हे त्या वर्षीची अधिसूचना वाचून आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाला लिहून खात्री करा. उलट प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र स्वतंत्र विषय आहे आणि गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या परीक्षेतही 2021 पासून पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा पेपर आहे. म्हणजे पुढे काय करायचं त्यावर कोणता पेपर जपायचा हे ठरतं.

तिची एक शंका उरली होती. “मॅडम, ऑनर्स विथ रिसर्चला 75 टक्के लागतात. माझे आत्ता 71 आहेत. नाही झाले तर?”

पहिल्या सहा सत्रांत मिळून 75 टक्के असतील तर चौथ्या वर्षी 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करता येतो. नसतील तर त्याऐवजी जास्तीचे पेपर घेऊन साधं ऑनर्स होतं, आणि त्यानंतरही एमएस्सी आहेच. चार वर्षांनंतर थेट पीएचडीला जायचं असेल तर 75 टक्क्यांची अट आडवी येते. एमएस्सी करून पीएचडीला जाणाऱ्यांना 55 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे. ती तर एमएस्सी करणारच होती. चार टक्क्यांसाठी जेवण टाकायची गरज नव्हती, आणि हे मी तिच्या आईसमोरच तिला सांगितलं.

तिने नवी रचना घेतली. आता तिसऱ्या वर्षात आहे आणि क्षेत्रकार्यासाठी वाशिष्ठीचाच पट्टा मागितला आहे. बाबांनी मला फोन करून विचारलं की नमुन्याच्या बाटल्या दुकानातल्या चालतील का. मी त्यांना विभागाच्या प्रयोगशाळा सहायकांशी बोलायला सांगितलं, कारण धातूंच्या चाचणीसाठी बाटली आम्लाने धुतलेली लागते.

तिच्याच वर्गातला एक मुलगा नंतर आला. त्याने माझ्याशी बोलून जुनीच रचना ठेवली, आणि त्याच्यासाठी तेच योग्य होतं. त्याचे दोन विषय राहिले होते, आणि नव्या रचनेत त्यांना समकक्ष पेपर नसल्यामुळे ते जास्तीचे करावे लागले असते. मात्र जुन्या रचनेच्या परीक्षा विद्यापीठ कायम घेत नाही, ठराविक संधी देऊन बंद करतं. तुमचे विषय राहिले असतील आणि जुन्यातच थांबायचं असेल, तर पर्यायाच्या अर्जावर सही करण्याआधी परीक्षा विभागाला लेखी विचारा: या पेपरची जुन्या पद्धतीची शेवटची परीक्षा कोणत्या सत्रात होणार आहे?