वेगळा स्वयंपाक न करता घरच्या जेवणात कडधान्यं, भाज्या आणि भरड धान्यं कशी वाढवावीत?

तुमचा प्रश्न वाचला. घरात चार माणसं, तुम्ही दोघं नोकरीला, तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि डॉक्टरांनी मैदा, तळलेलं, पाकिटातलं कमी करून डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं वाढवायला सांगितली. सासूबाईंना पोळी-भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, मुलगा भाजी बघितली की ताट सरकवतो, आणि दुकानातल्या महागड्या बियांवर खर्च करायची तुमची तयारी नाही.

मी मूळचा माण तालुक्यातला, नोकरीनिमित्त पुण्यात. बायको नर्स आहे, तिची ड्यूटी बदलत राहते, त्यामुळे निम्म्याहून जास्त स्वयंपाक माझ्याकडे असतो. चार वर्षांपूर्वी आईची साखर वाढली तेव्हा आम्हीही असेच गोंधळलो होतो. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. घरात जे टिकलं तेवढंच सांगतो.

सुरुवात काट्यापासून करा. आमच्याकडे एका संध्याकाळी मी निवडलेली मेथी वजनकाट्यावर ठेवली. एका जुडीची पानं पावणेदोनशे ग्रॅम भरली. ती शिजून मूठभर झाली आणि चौघांच्या ताटांत दोन-दोन चमचे पडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम. आम्ही चौघं मिळून एका माणसाच्या वाट्याच्या निम्मीही भाजी त्या रात्री खाल्ली नव्हती. भाजी रोज होत होती, पण ती तोंडी लावणं म्हणून. ताट पोळ्यांचं आणि भाताचं, भाजी फक्त घास ओला करायला.

म्हणून माझं उत्तर हेच आहे की नवे पदार्थ शोधू नका. जे तुमच्याकडे तोंडी लावणं आहे ते ताटात मधोमध आणा. जी भाजी करता तीच दुप्पट करा, जी उसळ करता ती वाडगाभर वाढा, आणि पोळी एक कमी घ्या. सासूबाईंची पोळी बंद करू नका, भातही नको. आम्ही फक्त वाढायचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि वाडगाभर उसळ किंवा आमटी ताटात, मग भाजी, आणि पोळी शेवटी. आईने कधी तक्रार केली नाही, कारण तिचं काहीच काढून घेतलं नव्हतं.

आता दुप्पट करायला रोज वेळ कुठून आणायचा? तो आदल्या रात्रीच काढायचा. झोपण्याआधी एक वाटी कडधान्य भिजत घालायला दोन मिनिटं पुरतात. सकाळी भिजलेलं कडधान्य समोर असलं की 'आज काय करू' हा प्रश्न उरत नाही आणि बाहेरून मागवायचं मनात येत नाही. आमच्याकडे क्रम लागलेला आहे: मटकी, चवळी, हरभरा, मूग, मसूर, काळा वाटाणा, आणि थंडीत पावटा. राजमा कधीतरी, आणि तो रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून, कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचाच. अर्धा कच्चा राजमा पोटाला चांगलाच बाधतो. हरभरा, राजमा शिजवताना दुप्पट शिजवून अर्धा फ्रीझरमध्ये ठेवतो, ड्यूटीच्या दिवशी तेवढाच आधार होतो.

मटकीचं जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांची मोड आणतानाच चूक होते. एक वाटी मटकी धुऊन कोमट पाण्यात सकाळी भिजवा. आठ-दहा तासांनी पाणी काढा आणि परातीत पसरून एकदा हात फिरवा. गणंग दाणे, म्हणजे जे भिजूनही टणकच राहिलेत, ते बोटांना लगेच लागतात. ते आत्ताच काढा, नाहीतर जेवताना दाताखाली येतात. मग ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून, वर वाटी पालथी घालून उबदार कोपऱ्यात ठेवा. पाणी निथळलेलं हवं, नाहीतर वास येतो. उन्हाळ्यात सकाळपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड येतात, थंडीत दीड दिवसही लागतो. वाटीच्या अडीच-तीन वाट्या होतात. आणि शिजवताना कुकर नको, मोड आलेली मटकी शिट्टीत गाळ होते. कढईत फोडणी देऊन, मटकी परतून, थोडं गरम पाणी घालून झाकणावर पाणी ठेवा आणि वाफेवर शिजवा. दाणा अखंड राहिला पाहिजे आणि बोटाने दाबला की चेपला पाहिजे. वरून दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू.

लिंबू नुसतं चवीला नाही. कडधान्यांतलं आणि पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला 'क' जीवनसत्त्वाची मदत होते. जेवणाबरोबर चहा मात्र टाळा, त्याने ते लोह कमी शोषलं जातं. आमच्याकडे जेवणानंतर तासभर चहा होत नाही. आईला हे पटायला सगळ्यात जास्त दिवस लागले.

आईवरून आठवलं. आमच्या भागात पाऊस कमी, त्यामुळे शेतात बाजरी, मटकी, हुलगे म्हणजे कुळीथ. लहानपणी पावसाळ्यात आई शेंगोळे करायची. हुलग्याच्या पिठात तिखट, मीठ, लसूण, जिरं घालून घट्ट मळायचं, पाटावर तळहाताने वळून करंगळीएवढ्या वळ्या करायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. थोडं पीठ पाण्यात कालवून त्यातच ओतलं की रस्सा दाटसर होतो. पुण्यात आल्यावर वीस वर्षं आमच्या घरात हुलगे नव्हते. साखरेच्या निमित्ताने ते परत आले आणि आता माझा नऊ वर्षांचा मुलगा वळ्या वळायला ओट्याशी उभा राहतो. स्वतः वळलेलं तो खातो. तुमच्या सासूबाईंनाही त्यांच्या माहेरी कडधान्याचं काय होत होतं ते विचारा. कोकणातल्या असतील तर कुळथाची पिठी नाहीतर वालाचं बिरडं सांगतील, विदर्भातल्या असतील तर वेगळंच काही. ज्या घरात मोठ्या माणसांना विचारलं जातं, तिथे ती बदलाच्या आड येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

भाकरीबद्दल. आठवड्यातून तीन वेळा रात्री पोळीऐवजी भाकरी एवढंच ठरवा. ज्वारीची भाकरी तुटते, फाटते म्हणून लोक सोडून देतात, आणि दोष बहुतेक वेळा पिठाचा असतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पीठ धरून ठेवणारा गुण, जाते आणि कितीही थापलं तरी कडा चिरतात. म्हणून एका वेळी किलो-दीड किलोच दळून आणा. मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर उत्तम, मंगळवेढ्याची ज्वारी उगीच नावाजलेली नाही. पिठात कढत पाणी घालून आधी चमच्याने कालवा, सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या मुळाने रगडून मळा. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा, दुसरी बाजू नीट भाजली की थेट आचेवर फुगवा. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडू पडतं, तेही थोडंच दळा. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं. तिची भाकरी जमत नसेल तर आंबील करा, ती कोणालाही जमते. आणि गव्हाचं पीठ चाळून कोंडा टाकून देत असाल तर आजपासून चाळणी बाजूला ठेवा. यापेक्षा सोपा आणि फुकटचा बदल मला माहीत नाही.

पालेभाजीला निवडायचा वेळ लागतो हे खरं आहे. आम्ही रविवारी दोन-तीन जुड्या निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवतो आणि करायच्या वेळी धुतो. मेथी-पालकाच्या पलीकडेही जा. चाकवत, चुका, अंबाडी, राजगिरा, शेपू, करडई, हरभऱ्याचा पाला, घोळ, शेवग्याचा पाला, आणि पावसाळ्यात मंडईत टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे टाकळा, कुर्डू. यांतली एखादी भाजी माहीत नसेल तर त्या बायकांनाच विचारा, कशी करायची ते त्या मनापासून सांगतात. पातळ भाजी केली तर चण्याची डाळ आणि शेंगदाणे घालून एका जुडीत चौघांना वाडगा-वाडगा येतो. साय, क्रीम घालून दाटपणा आणायची गरज नाही. दाण्याचं कूट, भाजलेले तीळ, नाहीतर थोडं डाळीचं पीठ तेच काम करतं.

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून तीनदा चिकन-मटण होतं. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. आमच्याकडेही आहे, पण आता फक्त रविवारी. बुधवारी त्याच वाटणात, म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, लसूण आणि आमचा कांदा-लसूण मसाला, यात काळा वाटाणा नाहीतर पावटा घालतो. पहिल्या बुधवारी माझ्या लक्षात आलं की आम्हाला ओढ त्या रश्श्याची होती. तर्री थोडी कमी ठेवा, तेल बाटलीतून न ओतता चमच्याने मोजून घ्या.

मुलाचं सांगतो. मुलं जेवताना भाजी टाळतात, पण चार-पाच वाजता शाळेतून येतात तेव्हा समोर असेल ते खातात, आणि बिस्किटं-वेफर्स घरात शिरतात ते त्याच वेळी. ती वेळ सांभाळलीत तर निम्मं काम झालं. वाफवलेल्या मटकीत कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू आणि मूठभर चुरमुरे घालून केलेली भेळ, मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा, रताळं, मक्याचं कणीस, पेरूच्या फोडी, केळं. फळं चावून खायची, रस काढायचा नाही. भाजणीच्या थालीपिठात किसलेली दुधी किंवा कोबी घातलेला माझ्या मुलाला कळतही नाही, पण मी त्याला सांगतो, लपवत नाही. कच्चे मोड मात्र लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना देऊ नका, त्यांत जंतू वाढू शकतात. वाफवून द्या.

त्या महागड्या बियांच्या जागी जवस, तीळ आणि कारळे आणा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्ध असतं, पण कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरतीच चटणी करा. भाकरीबरोबर दोन चमचे ही चटणी असली की लोणचं आणि त्याचं मीठ आपोआप कमी होतं.

एकदम सगळं वाढवू नका. आम्ही पहिल्याच आठवड्यात रोज दोन वेळा उसळ केली आणि आईचं पोट तीन दिवस फुगलेलं होतं. आठवड्याला दोन दिवसांपासून सुरू करून महिन्याभरात रोजवर या. भिजवलेलं पाणी टाकून द्या, फोडणीत हिंग, ओवा, आलं घाला, पाणी पुरेसं प्या.

काही गोष्टी डॉक्टरांना विचारून करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी केल्यावर साखर जास्त उतरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कडधान्यं, पालेभाज्या, फळं किती हे डॉक्टरच सांगतील. रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या अचानक वाढवू नका. बी १२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. दूध, अंडी, मांस यांतलं सगळंच फार कमी करणार असाल तर तपासणी करून गोळी सुरू करा. माझ्या आईची साखर वर्षभरात खाली आली, पण त्या काळात तिचं औषधही बदललं होतं, म्हणून सगळं श्रेय मी ताटाला देत नाही. तिचं पोट मात्र रोज साफ होतं, आणि ते केवळ जेवणामुळे, हे ती स्वतः सगळ्यांना सांगते.

या आठवड्यात वाण्याकडून अर्धा किलो मटकी, अर्धा किलो चवळी, पाव किलो जवस आणि गिरणीतून किलोभर ताजं ज्वारीचं पीठ एवढंच आणा. चवळीला मोड आणायची गरज नसते. आज रात्री भिजत घातलीत तर उद्या सकाळी डब्यात जाईल.