ढोंगी बाप लिहिताना तो खलनायक होऊ नये म्हणून काय करावं?

तुमचा प्रश्न असा: वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला कडक बाप, गावात प्रार्थनेला पुढे अन् घरात जुलमी, पण लिहिताना तो नुसता खलनायक होऊन बसतोय.

आधी त्याच्या हातातली बाटली काढून घ्या. जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून चोरून पिणारा बाप चटकन सुचतो, पण तो फार स्वस्तात पकडला जातो. मी जमिनीचा व्यवहार घेईन. आजोबा वारले की वारस नोंदीने आत्याचंही नाव सातबारावर चढतं. बाप तिला दिवाळीला आणतो, साडीचोळी करतो आणि तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे नेऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे वाटा सोडल्याच्या दस्तावर, अंगठा घेतो. तोंडी सोडून भागत नाही, दस्त नोंदवावाच लागतो. त्यामुळे साक्षीदार, ताटकळणं, चहा असा अख्खा प्रसंग आयताच मिळतो. हाच माणूस सामुदायिक प्रार्थनेनंतर ग्रामगीतेतल्या महिलोन्नतीच्या अध्यायावर बोलतो.

निवेदकाने मात्र त्याला ढोंगी म्हणू नये. बहुतेक हस्तलिखितं तिथेच बसतात. "वाटा घेतला त माहेर तुटते ना बाई," हे तो मनापासून म्हणतो, आणि पुढे आत्याच्या पोरीच्या लग्नाला खरंच कर्ज काढतो. त्याचा नियम त्यालाही महाग पडू द्या.

घरचे निव्वळ गरीब गाय नकोत. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन वेचणी लागली की आई वेच्यातला दोन-तीन किलो कापूस पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगाआड दडवते आणि बाप बाजाराला गेला की खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, देते. व्यापारी काटा मारतो, भावही पाडतो. तिला माहीत असतं, पण ओरडायची सोय नाही. बापाला हे ठाऊक आहे का, ते बरीच पानं सांगू नका. काळ तेवढा जपा: 1972 पासून एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेतच विकायचा, अशी होती, खासगी व्यापाऱ्याला कापूस देता येत नसे. गोष्ट 1980 च्या सुमाराची असेल तर आईचा हा व्यवहार कायद्यानेही चोरटा ठरतो, म्हणजे कादंबरीला बरंच.

बोली संवादात ठेवा, निवेदनात चिमूटभर पुरे.

दस्तानंतर तलाठी फेरफाराची, म्हणजे सातबारावरचं नाव बदलण्याची, नोटीस काढतो, हरकतीला 15 दिवस असतात. उत्तरार्ध त्यातच बसवा: बापाची मुलगी आत्याला हरकत घ्यायला लावते का, आणि आई कोणाकडून बोलते. शेवटी बापाला लकवा तेवढा देऊ नका, तसे बाप ढिगाने खाटेवर पडलेत.