गाडी पुढचे टायर खातेय, मागे टाकू का?

प्रश्न : माझ्याकडे 2021 ची डिझेल थार आहे, फोर बाय फोर. शेत धारूर घाटाच्या अंगाला, शेवटचा रस्ता पाणंदीचा. ऑल टेरेन टायर टाकून 14,000 किलोमीटर झाले. पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड करवतीसारखी झालीय आणि साठच्या पुढे गाडी घुमते. मागचे टायर चांगले आहेत. टायरवाला म्हणतो, पुढचे मागे टाका, आवाज जाईल. पावसाळ्यात चिखलामुळे मी गाडी फोर-एचमध्येच (चारही चाकांना जोर मिळतो त्यात) ठेवतो, सारखं काढ-घाल नको म्हणून. काय करू?
— एक शेतकरी, केज तालुका

उत्तर : दादा, टायर मागे टाका, पण आत्ता लगेच नको. झिजेचं मूळ दूर न करता अदलाबदल केली तर आज मागे असलेले चांगले टायर पुढे जातील आणि तेही असेच खाल्ले जातील. मग चारही गेले. अंबाजोगाईत माझ्याकडे अलाइनमेंटला येणाऱ्या गाड्यांत हेच सगळ्यात जास्त बघायला मिळतं, आणि एवढे महाग टायर अर्ध्यात फेकताना बघून खरंच जीव हळहळतो.

तुमच्या पत्रातलं फोर-एचचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फोर-एचमध्ये तुमच्या गाडीचा पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. वळताना पुढची चाकं मोठ्या घेरातून जातात, मागची लहान. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग टायर फरफटतो. वळण घेताना स्टेअरिंग जड लागतं, यू-टर्नला गाडी अडखळते, नंतर लिव्हर टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) सहज येत नाही, हे तुम्हाला जाणवत असेलच. हा ताण टायरवर येतो तसाच गिअरच्या दातांवरही येतो. पाणंद संपून डांबर लागलं की टू-एच. ही काढ-घाल करावीच लागेल.

आता टायर हाताने वाचा. गाडी सपाट जागी लावा, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि तळहात नक्षीवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. तार निघालेली किंवा काच रुतलेली नाही ना, हे आधी बघून घ्या. आत जाताना हात गुळगुळीत सरकला आणि बाहेर येताना कडा टोचल्या, तर टो-इन जास्त आहे, म्हणजे दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे वळलीत. नंतर तोच हात टायरच्या गोलाईवर, चाक फिरतं त्या दिशेने फिरवा. नक्षीतल्या प्रत्येक गट्ट्याची एक कड उंच आणि दुसरी बसलेली लागली, तर ती मोठ्या गट्ट्यांच्या टायरची नेहमीची झीज आहे. घुमण्याचा आवाज बहुधा तिचाच. ही झीज वेळेवर अदलाबदल केली की आटोक्यात राहते, टोची राहत नाही. आणि थोडी थोडी जागा सोडून खळगे लागले, तर शॉकअप किंवा सस्पेन्शनचे रबरी बुश गेलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय, असं समजा.

तुमच्याकडे घाटही आहे. उतारावर वेगात वळणं घेतली की पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावर भार येतो. म्हणून बाहेरची कड झिजली की लगेच कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बिघडला म्हणू नका. आधी जॅक लावून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बघायला सांगा. चाक धरणाऱ्या बॉल जॉइंटमध्ये किंवा चाक वळवणाऱ्या टाय रॉडमध्ये खेळ (ढिलेपणा) असेल तर तो आधी काढा, कारण ढिल्या जॉइंटवर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

हे झालं की अदलाबदल करा, आणि ती पाच चाकांची करा. थारची स्टेपनी पूर्ण मापाची असते, पण बहुतेकांची ती मागच्या दारावर उन्हात वाळत राहते. तुमची त्याच मापाची, त्याच नक्षीची आणि फार जुनी नसेल तर असं फिरवा: स्टेपनी मागे उजवीकडे, मागची उजवी पुढे उजवीकडे, पुढची उजवी मागे डावीकडे, मागची डावी पुढे डावीकडे आणि पुढची डावी स्टेपनीच्या जागी. बाजू बदलली की चाक उलट फिरतं आणि बसलेल्या गट्ट्यांची झीज परत सारखी होऊ लागते. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र आडवी अदलाबदल करू नका, त्याच बाजूला मागचा पुढे आणि पुढचा मागे एवढंच. नक्षी जुळत नसलेली नवी स्टेपनी फोर बाय फोरला कायमची लावू नका.

फोर बाय फोरला हे आणखी एका कारणाने लागतं. 255/65 आर18 मापाच्या टायरचा घेर सुमारे 2.48 मीटर. पुढचे टायर मागच्यापेक्षा 5 मिलिमीटर जास्त झिजले तर कागदावरच्या हिशेबाने प्रत्येक फेऱ्याला सुमारे 31 मिलिमीटरचा आणि किलोमीटरमागे जवळपास 13 मीटरचा फरक पडतो. रेडियल टायरमध्ये प्रत्यक्षात तो कमी असतो, पण असतो. मग फोर-एचमध्ये गाडी सरळ चालली तरी पुढचं आणि मागचं भांडण चालूच राहतं. कच्च्या रस्त्याचा वापर आहे, तर दर 7-8 हजार किलोमीटरला चाकं फिरवा.

नट समोरासमोरचे आवळत जा आणि 50-100 किलोमीटर चालल्यावर परत एकदा बघा. जॅक काळ्या मातीत लावावा लागला तर खाली जाड फळी हवीच. गाडी जॅकवर असताना खाली कुणी जाऊ नये, लेकरांनी तर जवळही येऊ नये.

प्रश्न : मी जिंतूर भागात जनावरांची डॉक्टर आहे. पावसाळ्यात वस्त्यांवर जाताना गाडी रुतते म्हणून हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवते. परत येताना कधी कधी तशीच समृद्धीवर येते. टायरचे दोन्ही खांदे झिजलेत, मध्ये नक्षी आहे.
— परभणी जिल्हा

उत्तर : ताई, मध्ये नक्षी आणि दोन्ही खांदे गेलेले, म्हणजे हवा कमी. चिखलात हवा उतरवणं बरोबर आहे, टायर पसरतो आणि पकड वाढते. पण समृद्धीवर चारचाकीला 120 ची मर्यादा आहे, आणि त्या वेगात कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला दुमडून आतून तापतो. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात काँक्रीटही तापलेलं असतं. टायर तिथेच फुटतात. बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप गाडीत ठेवा आणि डांबराला लागायच्या आधी, गावातच, हवा भरून घ्या. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा वेगळा, तो कमाल दाबाचा. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना बघा.

वस्तीवर अडलेल्या म्हशीकडे रात्री-अपरात्री तुम्हीच जाणार. तुमची गाडी नीट राहिली पाहिजे, म्हणून एवढं सांगतो.

प्रश्न : जुनी जीप वर्षातून थोडीच चालते. टायर आठ वर्षांचे, पण नक्षी भरपूर. चालतील ना?
— उदगीर

उत्तर : नक्षीवर जाऊ नका. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 2317 असेल तर तो 2017 च्या 23 व्या आठवड्यात बनला. बाजूला बारीक भेगा, फुगवटा किंवा कडक झालेलं रबर दिसलं तर काढा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या, दहा वर्षांनंतर दिसायला कसाही असो, काढाच. खाचांत 1.6 मिलिमीटर उंचीच्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की तो टायरही गेला. स्टेपनीचेही आकडे बघायला विसरू नका.