‘अपंगांची वेबसाइट’ वेगळी नसते

पत्र: मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात, त्या ॲक्सेसिबिलिटीच्या कामात जायचं म्हणते. मी बँकेच्या परीक्षेच्या क्लासची फी भरली, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. अपंगांच्या वेबसाइट करून पोट भरेल का?
– एक पालक, सिडको, नाशिक

तुमच्या पत्रात फी आहे, बँक आहे. मुलगी आजवर काय शिकली याची मात्र एक ओळही नाही. सज्ञान मुलीची फी तिला न विचारता भरलीत, ही सक्तीच झाली. मला तिच्या नोकरीपेक्षा घरातला हा अबोला जास्त काळजीचा वाटतो. आयबीपीएस पीओ या बँक अधिकारी भरतीच्या परीक्षेला खुल्या गटात वयाची अट ३० वर्षांची आहे. ती वाट आज बंद होत नाही.

आता ‘अपंगांच्या वेबसाइट’बद्दल. अशी वेगळी साइट करायची नसते, आहे तीच नीट बांधायची असते. अर्जातलं ‘पुढे जा’ हे बटण पुष्कळदा साध्या डिव्हवर, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकटीवर, क्लिक लावून केलेलं असतं. माउसने ते चालतं, पण कीबोर्डवरचा टॅब दाबत गेलं तर फोकस तिथे थांबतच नाही आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही ते बटण असल्याचं सांगत नाही. खरा बटण टॅग वापरला की टॅब, एंटर, स्पेस आपोआप चालतात. ओटीपी चुकल्याची लाल सूचना लाइव्ह रीजनमध्ये, म्हणजे बदल होताच स्क्रीन रीडर वाचतो अशा भागात, नसेल, तर अंध माणसाला काही ऐकूच येत नाही. तो सबमिट दाबत बसतो. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान ४.५:१ लागतो. फिकट राखाडी अक्षरांतला लासलगावचा कांदा-भाव भर उन्हात धडधाकट डोळ्यांनाही वाचता येत नाही.

हे काम कायद्यानेही मागितलं आहे: आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे आणि युरोपातला ॲक्सेसिबिलिटी कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला.

मुलीलाही स्पष्ट सांगतो: साइट आपोआप तपासणाऱ्या टूलचे नुसते रिपोर्ट काढून नोकरी टिकणार नाही. चित्राचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो तो, ‘आयएमजी२३’ असला तरी पुष्कळ टूल तो पास करतात. आधी एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट पक्कं कर. मग तीन साइट माउस न वापरता तपास. कीबोर्डवरची कुठली कळ दाबली, काय व्हायला हवं होतं, काय झालं आणि दुरुस्त कोड, एवढं प्रत्येक चुकीपुढे लिही. मुलाखतीत हेच दाखव.

आणि तुम्ही आज तिला लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावायला सांगा, तो फुकट आहे. स्क्रीन झाका आणि तिच्या शेजारी बसून वीजबिल भरून पाहा.